बायोर वाच्ये रांधायला शिकला त्याची गोष्ट

बायोर लॉरी चालवायचा. बोल्गाहून टोमॅटो भरायचे, कुमासीला उतरवायचे आणि येताजाता प्रत्येक स्टँडवर वाच्ये खायचं, यात त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली. वाच्ये म्हणजे चवळी आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवायचे आणि ज्वारीच्या ताटाची वाळकी पानं घालून त्यांना विटकरी रंग आणायचा. काम एवढंच, पण बायोर त्यावर तासभर बोलू शकायचा. कुठल्या गावची चवळी बोटचेपी होते, कुठली बाई तांदूळ धुवायचा आळस करते, कुणाच्या शितोच्या काळ्या चटणीत मिरचीपेक्षा धूरच जास्त असतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

लॉरी विकून तो घरी बसला आणि या विद्वत्तेचा सगळा भार त्याच्या बायकोवर, क्लोटिल्डावर पडला. दर शनिवारी ती वाच्ये रांधायची. बायोर पहिला घास तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून बसायचा, जणू निकाल द्यायचाय.

"चवळीला अजून एक उकळी हवी होती," तो म्हणायचा. "रंग बरा आहे. पण टेचिमानच्या स्टँडवर एक बाई होती ना..."

"मग तिच्याशीच लग्न करायचं होतं."

"विचारलं होतं गं. तिला लॉरीवाला नको होता."

क्लोटिल्डा हसायची नाही. हसायची ती पलीकडची अयिनपोका. दोन घरांमध्ये कमरेइतकी मातीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे अयिनपोका ज्वारीची दारू गाळायची. ती फ्राफ्रा जमातीची आणि बायोर दगाबा जमातीचा. हे दोघे समोरासमोर आले आणि एकमेकांना गुलाम म्हणाले नाहीत, तर लोकांना वाटावं की एकाची तब्येत बिघडलीय. पूर्वापार चालत आलेली चेष्टा ती, त्यात रागवायची सोयच नाही.

"क्लोटिल्डा, त्याला कशाला एवढं खाऊ घालतेस?" अयिनपोका भिंतीवरून ओरडायची. "माझ्या पणजोबांनी त्याच्या पणजोबाला कुत्र्याच्या मुंडक्याच्या बदल्यात विकत घेतलं होतं. तेही महागच पडलं म्हणायचे."

"मुंडकं तुझ्या पणजोबांनीच खाल्लं," बायोर म्हणायचा, "म्हणून तू अशी भुंकतेस."

एका शनिवारी बायोर घास चघळता चघळता थांबला आणि म्हणाला, "आज मीठ जरा बुजरं वाटतंय." क्लोटिल्डानं शांतपणे त्याच्यापुढचं ताट उचललं, अयिनपोकाच्या भिंतीवर नेऊन ठेवलं आणि हात पुसले.

"मी सोमवारी कुमासीला लेकीकडे चाललेय. एमिल्दाचे दिवस भरत आलेत. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत काही मी येत नाही. तुम्हाला एवढं कळतं ना, तर रांधा."

"रांधेन की! त्यात काय आहे?"

"काहीच नाही," क्लोटिल्डा म्हणाली, आणि सोमवारी खरंच बसमध्ये जाऊन बसली.

पहिला आठवडा बायोरनं बाहेर खाऊन काढला. शनिवार आला तसा त्याला चेव चढला. त्यानं बाजारातून चवळी आणली, तांदूळ आणले. ज्वारीची पानं विकणारी बाई उठून गेली होती, म्हणून शेजारच्या टोपलीत लालभडक वाळकं काहीतरी दिसलं ते घेतलं. लाल ते लाल, त्याचा हिशेब सरळ होता. घरी येऊन त्यानं ते सगळं एकदमच भांड्यात ओतलं, भरपूर पाणी घातलं, खाली चुलीत लॉरीच्या इंजिनासारखा जाळ केला आणि सावलीत जाऊन झोपला.

जाग आली ती अयिनपोकाच्या हाकेनं. "ए गुलामा! तुझं घर आंबट का जळतंय?"

भांड्यात तांदळाची खळ झाली होती, तिचा रंग लहान मुलीच्या झबल्यासारखा गुलाबी होता आणि तिच्यात चवळी गोट्यांसारखी टणटणीत बसली होती. अयिनपोकानं भिंतीवरून हात लांबवून एक दाणा उचलला, चावला आणि गाल धरला.

"अरे देवा. तू अंबाडीची बोंडं घातलीस?"

"लाल होती."

"माझं लुगडंही लाल आहे, ते घालशील? अंबाडीचं सरबत करतात, मेल्या! आंबटात चवळी पुढच्या वर्षापर्यंत शिजणार नाही." आणि ती भिंतीला टेकून इतकी हसली की दारू प्यायला बसलेली गिऱ्हाइकं आपापले भोपळ्याचे वाडगे घेऊन बघायला उठली. संध्याकाळपर्यंत बायोरच्या गुलाबी खळीची बातमी लॉरी स्टँडवर पोचली होती.

दुसरा कुणी असता तर त्यानं कानाला खडा लावला असता. बायोर दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र भिंतीपाशी जाऊन घसा खाकरत उभा राहिला.

"काय पाहिजे?"

"काही नाही. चवळी आधी, की तांदूळ?"

अयिनपोका त्याच्याकडे बघतच राहिली. पण चेष्टेचा एवढा मोठा साठा दारात चालून आलेला कोण सोडेल? "मी गुलामाच्या घरात पाय ठेवणार नाही. इथूनच सांगीन. तू कर."

मग दर शनिवारी भिंतीवरून शिकवणी चालू झाली. आपल्या ज्वारीची पानं तीच द्यायची आणि वर चार शब्दही द्यायची. "खडे निवड, खडे! तांदूळ आहेत, रस्ता नाही. चवळी आधी टाक. पानं धुऊन तिच्याबरोबर टाक. ती मऊ व्हायला चिमूटभर खार घाल, चिमूटभर म्हटलं, ओंजळ नव्हे! आता दाणा चेप. मधे कचकन लागतोय? म्हणजे आता तांदूळ. जाळ ओढ मागे. झाकणाखाली ओलं फडकं घाल आणि सारखं उघडून बघू नकोस, भांड्यात काय तुझी सासू बसलीय?"

हळूहळू बायोरचा हात बसला. आवाजावरून पाणी किती उरलंय ते त्याला कळू लागलं. इंजिन ऐकून बिघाड ओळखणारा माणूस तो, कान तयारच होता. एक दिवस त्यानं भिंतीवर ताट ठेवलं. दाणान् दाणा सुटा, तरी मऊ, रंग पावसानंतरच्या वाटेसारखा. वर शेंगदाण्याचं तेल, तिखट, चिरलेला कांदा. अयिनपोकानं खाल्लं, बोटं चाटली आणि रिकामं ताट परत दिलं.

"कसं झालंय?"

"कुत्रासुद्धा खाईल," ती म्हणाली. बायोर त्या दिवशी दुपारभर शीळ घालत फिरला.

पाऊसकाळ सरल्यावर क्लोटिल्डा परतली, तीही नेमकी शनिवारी. बायोरनं तिच्यापुढे ताट वाढलं. तिनं एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि भिंतीकडे मान वळवली.

"अयिनपोका, कशाला गं एवढा त्रास घेतलास?"

बायोर भिंतीकडे धावला. "सांग तिला! सांग कुणी केलं!"

अयिनपोकाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की तो बघूनच बायोरला पुढचं कळलं. "आता काय सांगू क्लोटिल्डा," ती मान हलवत म्हणाली, "उपाशी मरत होता गं. मीच करून देत होते. याला पाणी तरी तापवता येतं का?"

"खोटं! साफ खोटं! देवाशपथ मी केलंय!"

"अहो, असू दे," क्लोटिल्डा समजुतीच्या सुरात म्हणाली. त्या सुरानं तर तो अधिकच भडकला. त्यानं भांडं घासून चुलीवर आदळलं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना स्टुलं टाकून बसल्या. बायोर खडे निवडत होता तेव्हा क्लोटिल्डाच्या भुवया वर गेल्या. तो दाणा चेपून बघू लागला तेव्हा ती पुढे सरकली. फडकं झाकणाखाली खोचलं तेव्हा मात्र तिनं अयिनपोकाकडे वळून विचारलं, "हे तू शिकवलंस?"

"मी कशाला गुलामाला शिकवीन?"

ताट पुढे आलं. क्लोटिल्डानं घास घेतला आणि डोळे मिटून घेतले. घामानं निथळलेला बायोर हातात पळी धरून उभा होता. त्याला आयुष्यात कुठल्याही पोलीस नाक्यावर इतकी भीती वाटली नव्हती.

"चवळी बरी आहे," ती अखेर म्हणाली. "पण कुमासीला एमिल्दाच्या शेजारी एक बाप्या आहे ना..."

अयिनपोका स्टुलावरून खाली घसरली. बायोरनं पळी उगारली, मग आपणच हसायला लागला, आणि हसता हसता जमिनीवर बसला.

तेव्हापासून शनिवार त्याचा झाला. क्लोटिल्डानं तसं काही ठरवून सांगितलं नाही, नुसती त्या सकाळी चुलीकडे फिरकलीच नाही. ती पलीकडे अयिनपोकाशी गप्पा मारत बसायची आणि वास आला की ताट घेऊन यायची. जुने लॉरीवालेही वाट वाकडी करून यायचे. त्यांनी नावं ठेवायला तोंड उघडलं की बायोर पळीनं चूल दाखवायचा, आणि ते लगेच ताटात मान घालायचे.

नाताळात एमिल्दा मुलीला घेऊन आली. इकडे आजोबा नातीला थट्टेनं बायको म्हणतात, म्हणून बायोरनं तिला मांडीवर घेतलं आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ही माझी खरी बायको. ही नाही नावं ठेवायची." त्यानं वाच्ये बोटांनी कुसकरून तिच्या तोंडात भरवलं. पोरीनं ते इकडून तिकडे फिरवलं, भात गिळला आणि चवळीचा एकेक दाणा जिभेनं पुढे ढकलून त्याच्या स्वच्छ शर्टावर टाकला.

"टेचिमानची बाई बरी होती का हो?" क्लोटिल्डानं विचारलं.

बायोरनं शर्टावरचे दाणे वेचून आपल्या तोंडात टाकले, सावकाश चघळले आणि नातीला म्हणाला, "बाईसाहेब, चवळी शिजलीय की हो. तुम्हाला दात येऊ द्या, मग बोलू."