चुन्याचा हात

तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, त्यात माझं नाक गेलं, कसलाच वास कळत नाही. बायको होती तोवर अडलं नाही. मासा आणला की ती कल्ला उघडून हुंगायची, मगच चिरायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. मग मी एकदा नासका बांगडा खाल्ला आणि सलाईनवर पडलो.

मुलगी सांबऱ्याला, विमानतळाजवळ असते, बेळगावात कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. दवाखान्यातच म्हणाली, "आप्पा, निपाणीचं घर बंद करा. माझ्याकडं चला."

"तिथं येऊन विमानं मोजत बसू व्हय?"

"मग मासं सोडा."

तेही जमणारं नव्हतं. बायकोच्या हातचा तेवढा एक रस्सा मला येतो. तिचं तेवढंच उरलंय.

पुढच्या रविवारी मुलगी प्रयोगशाळेतलं काडेपेटीएवढं यंत्र घेऊन आली. आत काचेच्या तुकड्यावर कसलातरी थर दिलेला, इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. मासा नासायला लागला की वायू सुटतो, तो थराला लागला की वीज कमी-जास्त होते. दिवा हिरवा तर खायचा, लाल तर टाकायचा.

"अजून तपासणी चाललीया त्याची," ती म्हणाली. "तुमास्नी हे जमलं तर ऱ्हावा हितंच. न्हाय जमलं तर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

बाजारातनं बांगडा तिनंच हुंगून आणला. मी तंबाखू मळली, दाढेला धरली आणि यंत्र माशाजवळ नेलं. लाल.

"ताजा हाय म्हणालीस की गं!"

तिनं यंत्र घेतलं, जरा थांबून स्वतः धरलं. हिरवा. परत माझ्या हातात दिलं. लाल.

"मग मासा न्हाय, मीच नासलोय."

तिनं माझा तळवा ओढून हुंगला आणि तोंड फिरवलं. "चुना, आप्पा! तंबाखूत चुना मळला की तसलाच वायू सुटतोय. कसा झोंबतोय बघा नाकाला."

माझ्या नाकाला काय झोंबणार! पण बायको आठवली. मी माशाच्या पिशवीत हात घातला की ओरडायची, "त्या हातानं शिवू नगा मासा! मला मग वासाचं काय कळत न्हाय." मला वाटायचं, बाईचं सोवळं.

चूळ भरली, साबणानं दोनदा हात धुतले. लाल दिवा विझेस्तोवर थांबलो, मग धरलं. हिरवा.

मुलीनं यंत्र फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "रस्सा टाका. जेवते आणि जाते एकटीच."