वंगण मागायला आलेला माणूस

दसऱ्याच्या दिवशी मी स्वतःच्या हातांनी एका गाडीची वाट लावली आणि वर तिला हळदकुंकू वाहिलं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. त्या काळात मी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होतो. देवावर श्रद्धा होती, नाही असं नाही. चतुर्थीला चिंचवडच्या मंगलमूर्तीला न चुकता जात होतो. पण खरा भरवसा माझ्या हातांवर होता. मी बसवलेलं बेअरिंग कोणी पुन्हा उघडून पाहिलं, तर मला तो अपमान वाटायचा.

लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेला दोन चाकांचा एक ट्रेलर आमच्या शेठनी घेतला होता. त्यावरून एक लाकडी नाव चऱ्होलीच्या लोकांना नदीवर पोचवायची होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ट्रेलरची चाकं काढली, चाकांचे तुंबे, म्हणजे हब, रॉकेलने धुतले, बेअरिंगमध्ये तळहाताने दाबून दाबून ग्रीस भरलं. आसाचा नट गच्च आवळून मग किंचित मागे घेतला, कारण तेवढी मोकळीक दिली नाही तर बेअरिंग जळतं. दसऱ्याला सकाळी त्याच ट्रेलरवरून तळेगावहून नाव आणली. गाडी थांबते न थांबते तोच पूजेची घाई झाली आणि मी दोन्ही चाकांवर घागरभर गार पाणी ओतलं. तापलेल्या हबवर गार पाणी पडलं की आतली हवा आक्रसते आणि हबच्या तोंडावरच्या सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं, हे मीच दुसऱ्यांना ओरडून सांगायचो. त्या दिवशी मात्र हातात घागर होती आणि तोंडात आरती.

नावेला डांबर आणि रंग लावण्यात महिना गेला. ट्रेलर तसाच उभा होता. निघायच्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "राव, एकदा चाकं उघडून बघू या का?" मी म्हणालो, "माझ्या हातचं काम आहे."

आईला चऱ्होलीजवळच्या आळंदीला जायचं होतं. माझ्या बायकोला सातवा महिना होता. त्याआधी आमची दोन मुलं पोटातच गेली होती, म्हणून या खेपेला तिला माऊलींच्या पायांवर घालायचं, असं आईने मनाशी धरलं होतं. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमध्ये लोखंड भरलेलं, आणि केबिनमधल्या इंजिनाच्या उष्म्याने बायकोला मळमळायचं. तेव्हा मी नावेतच गोधड्या अंथरल्या आणि दोघींना वर बसवलं. आई म्हणाली, "पाण्याबिगर नावंत बसलेली पहिलीच म्हातारी म्या." आम्ही हसत हसत निघालो.

दिघी ओलांडली. पुढे नदीकडचा उतार लागायच्या जरा आधी एक वयस्कर शेतकरी बैलगाडी कडेला घेऊन उभा होता. त्याने हात केला. "पाव्हणं, वाईच वंगण आसंल तर द्या. चाक लई कुरकुरतंय." मी ड्रायव्हरला म्हणालो, "चल, थांबू नकोस." पण ट्रक हळू झाला होता आणि नावेतून आईचा आवाज आला, "दे की रं त्याला. मागतोय न्हवं?" आईपुढे बोलायची माझी टाप नव्हती. चरफडत उतरलो. ग्रीसचा डबा ट्रेलरच्या पेटीत होता. तो काढायला वाकलो आणि जळक्या ग्रीसचा वास नाकात गेला. डाव्या हबला हात लावला तो चटका बसून मागे आला.

दोघींना खाली उतरवून मी चाक काढलं. दसऱ्याच्या पाण्याने आतलं ग्रीस ताकासारखं पांढरट झालं होतं, त्यात गंजाची कणी, आणि बेअरिंगचे तुकडे झालेले. त्या उतारावर चाक निखळलं असतं तर नाव उलटली असती. रस्त्याच्या कडेला आई सुनेला गूळ-शेंगदाणे देत होती. शेतकरी म्हणाला, "या दोगींना मी सोडतो चऱ्होलीत. तुमी करा तुमचं." ते गेले. जादाचं एक बेअरिंग बरोबर आणलेलं होतं. मी दोन्ही हब उघडून पुसले, नव्याने भरले. नट आवळला, किंचित मागे घेतला. "देवा, आता तूच बघ," असं मी मोठ्याने म्हणालो. काम करताना असं मी तोवर कधीच म्हटलं नव्हतं.

दुपार कलताना नाव नदीवर सुखरूप पोचली. आईला सगळं सांगितलं. तिने बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "त्या बाबाला वंगण दिलंस का?"

मी दिलंच नव्हतं. बायको म्हणाली, "वाटभर त्यांचं चाक रडत होतं."

दुसऱ्या दिवशी आळंदीचं दर्शन झाल्यावर डबा घेऊन मी चऱ्होलीत विचारत विचारत त्याचा गोठा शोधून काढला. त्याच्या गाडीची दोन्ही चाकं उतरवली, आस पुसला, भरपूर वंगण घातलं. तो म्हणाला, "बोटभर मागितलं हुतं, येवढं कशापायी?" मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याने पाय मागे घेतले. "आवो, शेणाचं पाय हायती, पाव्हणं."

पौषात मुलगी झाली. त्यानंतर मी कुठलंही चाक दोनदा उघडून पाहतो आणि मगच देवाच्या हवाली करतो. देव काही द्यायला येईल, अशी माझी समजूत होती. माझ्याकडे तो मागायला आला, आणि मी ड्रायव्हरला म्हणालो होतो, चल, थांबू नकोस.