थेंबाखाली शब्द लिहा

दुष्काळाची वर्षं होती. पडेगावात रोज नवे प्लॉट पडत होते, इमारती उठत होत्या आणि नळ मात्र कोरडेठाक. आमच्या गल्लीत एक पद्धत पडली होती. टँकर ज्याला आधी दिसेल त्यानं मोबाइलच्या ग्रुपवर निळा थेंब टाकायचा. बाकी काही लिहायचं नाही. थेंब दिसला की ताटावरून उठून ड्रम घेऊन पळायचं.

माझे वडील पूर्वी मेंढरं राखायचे. चरायची रानं कॉलन्यांखाली गेली, मेंढरं विकली, आणि म्हातारपणी हा माणूस गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी लावायला लागला. भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवली हो वांगी! आमच्या भागात अशा हौशी गच्चीवाल्यांचं मंडळ होतं. तिथं बियांची देवाणघेवाण चालायची. वडील तिथं लई खुलायचे.

मग मंडळातल्या एका इंजिनियरनं वेबसाइट केली. बी मागायचं, द्यायचं ते आता तिथंच, असं ठरलं. उघडून बघते तर काय, पांढऱ्यावर फिकट करडी, केसासारख्या रेघांची चित्रं, आणि खाली शब्द एक नाही. उन्हात मलाच दिसेनात, तर मोतीबिंदू झालेल्या वडिलांची काय कथा. ठळक चित्र एकच होतं, निळा थेंब.

वडिलांनी मोबाइलवर वेबसाइट उघडली, थेंब पाहिला, तो ग्रुपवरचाच समजले आणि गच्चीवरूनच ओरडले, "टँकर आला!" सगळी गल्ली ड्रम घेऊन उन्हात उभी. टँकरचा पत्ता नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत इंजिनियर हसत म्हणाला, "काका, तो झाडांना पाणी कसं घालायचं त्याचा आयकॉन आहे." सगळे खो खो हसले. वडीलही हसले, पण घरी येऊन मोबाइल कोनाड्यात ठेवला. "आपलं काम नाय ते," म्हणाले. गच्चीवर जाणंही सोडलं. वांग्यांना मी पाणी घालत होते, पण माझा जीव बापात अडकला होता. माझं डोकंच फिरलं.

त्यानंतरच्या बैठकीला मी एकटी गेले. म्हटलं, "प्रत्येक चित्राखाली शब्द लिहा. काळा, ठसठशीत. आणि तो थेंब काढा. या गावात थेंब म्हणजे टँकर."

"ताई, शब्द टाकले की डिझाइन गावठी दिसतं," इंजिनियर म्हणाला.

"दिसू द्या की! बी गावरान पाहिजे आणि अक्षर गावठी नको, व्हय?"

"लोकांना हळूहळू सवय होईल."

"लोकांनी का सवय करायची? वेबसाइट लोकांसाठी का लोक वेबसाइटसाठी?"

कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. मीही उठले नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, लिहितो!" मी म्हटलं, "माझ्यासमोर लिहा." त्यानं लॅपटॉप उघडला. थेंब गेला, झारी आली, खाली 'झाडांना पाणी'. रोपाच्या चित्राखाली 'बी द्यायचंय', ओंजळीच्या चित्राखाली 'बी पाहिजे'. सगळी अक्षरं जाड करून घेतली, तेव्हाच घरी आले.

मोबाइल वडिलांपुढं धरला. त्यांनी तोंड फिरवलं. मी तो तिथंच ठेवून स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळानं पाहिलं तर हात लांब करून, डोळे बारीक करून बघत बसलेले. मी लगबगीनं गेले, कुठं दाबायचं ते दाखवायला बोट पुढं केलं.

त्यांनी माझा हात बाजूला सारला. "सरक तिकडं. वाचता येतंय मला."