जावयाचा स्विच

कॅनडात, विनिपेगमध्ये विजेला सगळे हायड्रो म्हणतात. मुलाच्या घरी नवा आलो तेव्हा कुणीतरी 'हायड्रो गेली' म्हणालं आणि मी हातातला चहा ठेवून ताडकन उभा राहिलो. आमच्या बेसमेंटमध्ये केतकी नावाची नाशिकची विद्यार्थिनी भाड्यानं राहते. परवा तिनं विचारलं, "काका, तुम्ही घरभर लाइट ऑफ करत फिरता, आणि बेसमेंटच्या जिन्यातला मात्र ऑलवेज ऑन. असं का?"

तिला सांगितलं ते असं.

मी तेव्हा फौजेत सुभेदार होतो. पोस्टिंग हिमालयात, अकरा हजार फुटांवर. खिंड नोव्हेंबरात बंद व्हायची ती मेमध्ये उघडायची, म्हणून ओढ्यावर पोस्टचं स्वतःचं छोटं जलविद्युत केंद्र होतं. पत्र्याची शेड, एक टर्बाइन आणि एक ऑपरेटर, लान्स नायक शेलार, साताऱ्याकडचा. ते टर्बाइन बंद पडलं तर मेपर्यंत ना हीटर, ना वायरलेस, ना मेडिकल रूममधलं ऑक्सिजनचं मशीन. शेलार त्याला दुभत्या म्हशीसारखं जपायचा.

मशीनला एक खोड होती. पाणी सारख्याच जोरानं यायचं, त्यामुळे वीजही सारखीच खर्चावी लागे. या खर्चाला शेलार 'लोड' म्हणायचा. खर्च घटला की चाक सुसाट सुटायचं. म्हणून उरलेली वीज एका टाकीतल्या हीटरना दिली होती. पाणी दिवसभर आपलं तापत राहायचं. त्या टाकीला आम्ही 'जावई' म्हणायचो. काम काही नाही, नुसतं बसून खायचं.

हे शेलारनं मला दोनदा समजावलं होतं. पण आमचे आबा रिकाम्या खोलीत दिवा दिसला की पायताण फेकायचे. ते अंगात भिनलेलं.

फेब्रुवारीत ब्रिगेडियर साहेब इन्स्पेक्शनला यायचे होते. हेलिकॉप्टर १०३० ला. १०२८ ला मी जवानांना फॉल-इन करून रांगेत घेतलं आणि हुकूम दिला, "हेलिपॅडला निघताना प्रत्येक बॅरकचा मेन स्विच ऑफ. उधळपट्टी दिसता कामा नये." जवान शिस्तीचे. एका मिनिटात सगळं बंद. बघतो तर जावई एकटाच उकळतोय, आंघोळीला कोणी नाही. त्याचाही स्विच मीच पाडला आणि समाधानानं हात झटकले.

१०३१ ला साहेब उतरले. सॅल्यूट झाला आणि शेडमधून शिट्टी सुरू झाली, कुकरसारखी, पण न थांबणारी. ऑफिसवरचा चुकून राहिलेला एकुलता बल्ब पांढराफटक पेटला आणि फुटला. फील्ड टेलिफोन वाजला. पलीकडे शेलार.

"साहेब, लोड कुठं गेला?"

"बंद केला."

"कुणी?"

"मी."

मग शेलार ओरडला, "गेट बर्फानं धरलंय, पाणी तोडता येत नाही! लावा, दिसेल ते लावा, नाहीतर चाक छपरातून जातंय!"

लान्स नायकानं हुकूम सोडला आणि सुभेदार पळाला. मागून पन्नास जवान पळाले. हीटर, किटल्या, गीझर, सगळं चालू. मी धोब्याच्या खोलीतल्या दोन इस्त्र्यांचे प्लग लावले. ठेवायला जागा दिसेना, म्हणून दारात जे हात दिसले त्यांत दिल्या. ते हात ब्रिगेडियर साहेबांचे होते.

"सुभेदार साब, ये क्या है?"

"सर, लोड."

साहेब दोन इस्त्र्या धरून उभे राहिले. जावयाचा स्विच मला सगळ्यात शेवटी आठवला. तो वर केला तशी शिट्टी उतरली.

शेलार ग्रीसनं काळाठिक्कर होऊन शेडबाहेर आला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साहेबांना सॅल्यूट ठोकून म्हणाला, "सर, इमर्जन्सी ड्रिल था." साहेबांनी रिपोर्टात शाबासकी लिहिली. शेलारनं नंतर कधी विषय काढला नाही. फक्त जावयाच्या स्विचवर लाल रंगानं लिहिलं, 'सुभेदार साहेबांनी हात लावू नये.'

पुढच्या हिवाळ्यात, ओढ्याचं पाणी टर्बाइनला आणणाऱ्या कालव्याच्या तोंडची जाळी बर्फानं बुजली. १४०० ला शेलार एकटा वर गेला. निघण्याआधी जावई नीट लावून गेला. जाळी साफ केली, पाणी मोकळं केलं. परतताना वरून हिमकडा कोसळला आणि शेलार त्याखाली गेला.

आम्हाला १८०० ला कळलं. मधले चार तास मशीनपाशी कोणी नव्हतं आणि पोस्टवरचा एकही दिवा लुकलुकला नाही. दिवे लागलेत म्हणजे शेलार आहे, असं धरून मी चहा पीत बसलो होतो. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

एवढं ऐकून केतकी उठून खाली गेली. संध्याकाळी सवयीनं मी दिवे मालवत निघालो, तेव्हा खालून तिचा आवाज आला.

"काका, वॉशरूमचा मी ऑफ केलाय. जिन्यातला राहू दे ना?"

"राहू दे," मी म्हणालो. "दिवा लागलाय म्हणजे शेलार आहे."