शेजाऱ्याच्या वाडीचा कागद

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमचं घर. वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. कमाई हातात आली की जेवायच्या टेबलावर ते तिचे वाटे करत. पहिला दहावा भाग देवाचा. तो चर्चला, नाहीतर गावातल्या कुणा नडलेल्याला. मग घरखर्च, मग शिल्लक. कर्ज काढून चैनीची वस्तू घ्यायची नाही आणि दिलेल्या पैशावर व्याज घ्यायचं नाही. पैसा आपला नसतो, आपण नुसते राखणदार, असं ते म्हणत. पुढे मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर झालो, उलव्याला फ्लॅट घेतला, निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात जाऊ लागला. तेव्हा वडिलांचं हे सगळं मला जुनाट वाटायला लागलं.

आमच्या कुंपणाला लागून शेजारच्या काकांची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्यांच्या मुलीच्या ऑपरेशनला वडिलांनी आपली जवळजवळ सगळी शिल्लक दिली. कागद मागितला नव्हता. काकांनीच हट्टाने स्टँप पेपरवर लिहून दिलं, की दोन वर्षांत पैसे फेडले नाहीत तर वाडी तुमच्या नावावर करून देईन. वडिलांनी तो कपाटात टाकला. तिसरं वर्ष संपत आलं तरी त्यांनी विषय काढला नाही.

तोवर मुंबईचे लोक बंगल्यांसाठी आमच्याकडे जागा शोधत फिरायला लागले होते. एका एजंटाला कुठून तरी त्या कागदाचा सुगावा लागला. त्याने मला फोन करून आकडा सांगितला. माझं सगळं कर्ज फिटून वर उरेल एवढा. माझे दोन हप्ते थकले होते, बँकेची नोटीस आली होती, आणि घरी कुणाला ठाऊक नव्हतं. शनिवारी गावी गेलो. वडील जेटीवर होते. कपाट उघडलं, कागदाचा फोटो काढला आणि एजंटाला पाठवला. नुसता बघू दे त्याला, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गावी होतो. चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी येतोय तर काका आणि काकू दारात उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाऊ, वाडी घ्यायची तर घ्या," काका वडिलांना म्हणाले. "लिवून दिलंय, मी न्हाय म्हनत न्हाय. पन तो मानूस पाठवाया नको व्हता. टेप लावून वाडी मोजली त्यानं. पोरीसमोर बोलला, पंधरा दिवसांत खाली करा."

"कोण माणूस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते वडिलांनी पाहिलं.

"मी फोटो पाठवला होता," मी म्हणालो.

वडिलांनी विचारलं, "किती देणार होता?"

मी आकडा सांगितला.

"तुझं कर्ज फिटलं असतं."

"हो."

ते आत गेले, कागद घेऊन आले आणि काकांपुढे धरला. काकांनी हात मागे घेतले. "पैसे बाकी हायत, भाऊ. कागद कसा घेऊ?"

"पैसे तुम्ही द्याल तेव्हा द्या. त्यात वाडी कशाला?"

दोघंही तसेच उभे राहिले. शेवटी काकूंनी पुढे होऊन कागद घेतला आणि पदराखाली धरला.

वडिलांनी मला तिथेच, सगळ्यांसमोर, एजंटाला फोन लावायला सांगितलं. काही विकायचं नाही, एवढंच मी बोललो. पार्टीकडून टोकन घेतलंय, यार्डात येऊन बघतो तुला, असं तो ओरडला. ते सगळ्यांना ऐकू गेलं. तो दोनदा खरंच गेटवर आला. दोन्ही वेळा मी आत बसून राहिलो. मग यायचा थांबला.

त्याच रविवारी दुपारी वडिलांनी मला पगार आणि देणी कागदावर लिहायला लावली. दहाव्या भागापाशी मी अडलो. "हप्ते थकलेत पप्पा, हा कुठून काढू?"

"आत्ता कमी काढ. पण आधी काढ."

मी गाडी विकून थकलेले हप्ते भरले. फ्लॅट भाड्याने दिला आणि आम्ही उरणला एका खोलीत राहायला गेलो. बायको सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. तिलाही मी नोटिशीचं सांगितलं नव्हतं.

काका अजून फेडतायत. नारळाचे पैसे आले की थोडे वडिलांना आणून देतात. मी गावी गेलो की त्यांच्या ओटीवर जाऊन बसतो. चहा मिळतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात. त्यांची मुलगी मात्र मी असेपर्यंत बाहेर येत नाही.