आक्काने पाहिल्या त्या वहाणा

आमच्या घरी माणूस यायच्या आधी त्याच्या वहाणा यायच्या. म्हणजे करकर आवाज यायचा, आणि त्यावरून आम्ही बायका आतल्या आत ओळखायचो कोण आलंय ते. मामंजींच्या वहाणा जड, टाच आपटून वाजायच्या. आप्पासाहेब भाऊजींच्या फरफटत यायच्या. आता दाराशी सगळ्यांच्या रबरी चपला पडलेल्या असतात, सगळ्या सारख्या, कोण आलं कोण गेलं काही कळत नाही. मला अजून तो करकर आवाज आठवतो आणि त्याच्याबरोबर गोजरआक्का आठवते.

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, आप्पासाहेब भाऊजींची बायको. मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातली, डोंगराकडची, भात खाऊन वाढलेली. लग्न होऊन पाथर्डी तालुक्यातल्या या कोरड्या गावात आले तेव्हा मला धड बाजरीची भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंना चुलीवरची पहिली भाकरी दिसली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. आक्काने ती माझ्या हातातून काढून स्वतःच्या ताटात घेतली. "लई ग्वाड झालीया," म्हणाली आणि सगळी खाल्ली. तेव्हापासून मी तिची धाकली झाले. तिने मला हाक मारली की मला आईची आठवण यायची बंद व्हायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

आक्काचा पदर मात्र कपाळाच्या खाली. घरच्या आणि बाहेरच्या कुठल्याही पुरुषापुढे ती मान वर करत नसे. मी चेष्टा करायची, "आक्का, उद्या भाऊजी बदलून दुसराच कोणी आला तरी तुम्हाला कळायचं नाही." ती हसून म्हणायची, "वहाणा बघीन की."

रंभाजी आमचा सालगडी. दर पाडव्याला त्याचं नवं साल सुरू व्हायचं आणि रिवाजाप्रमाणे मामंजी त्याला एक घोंगडी आणि नव्या वहाणा द्यायचे. हौशी गडी. वहाणांच्या अंगठ्यावर तो लाल लोकरीचा गोंडा बांधून घ्यायचा. कामाला वाघ, बोलायला गोड, आणि बायको भागिरथीला इतका जपायचा की गडीमाणसं त्याला हसायची.

एकाहत्तर साली चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी सगळं गाव कीर्तनाला आणि पंगतीला गेलं होतं. आक्काला मात्र त्या दिवशी कावळा शिवला होता. तिने घरात कशाला हात लावायचा नाही, देवाकडे जायचं नाही, म्हणून ती एकटी गोठ्याच्या कडेला बसून गोधडी शिवत होती. भरदुपारी एक माणूस मागच्या दाराने घरात शिरला. करकर वाजलं म्हणून आक्काने पदर ओढला आणि मान खाली घातली. तिच्यासमोरून लाल गोंड्यांच्या वहाणा गेल्या आणि थोड्या वेळाने परत गेल्या. संध्याकाळी सासूबाईंनी पेटी उघडली तर सोन्याच्या पुतळ्यांची माळ नव्हती.

विचारलं तेव्हा आक्काने जे होतं ते सांगितलं. रंभाजीच्या वहाणा आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वहाणा देवळामागच्या बाभळीखाली सापडल्या. फौजदारांनी विचारलं, "तुझ्या का?" रंभाजी म्हणाला, "माझ्याच. पर पंगतीत बदलल्या. मी अनवानीच बैलं पाजायला गेल्तो." यावर सगळे हसले. चोर दुसरं काय सांगणार? झोपडी उकरून पाहिली, माळ मिळाली नाही. मग ती विकली असणार असं ठरलं. त्यानंतर दुसऱ्या कोणाचा शोध घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

आता मला या गोष्टीची चीड येते. पंगतीत वहाणा बदलतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. दर सप्ताहाला निम्मं गाव दुसऱ्याच्या वहाणा घालून घरी जायचं आणि आठवडाभर अदलाबदल चालायची. आणि वहाणांवरून माणूस ओळखायची सवयही याच गावाची. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण एकीने दुसरीला कधी विचारलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात आक्काला उभं केलं. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या वहाणा कोणाच्या होत्या? ती म्हणाली, रंभाजीच्या. नक्की? नक्की. रंभाजीच्या बाजूने जो वकील दिला होता त्याला घाई होती, त्याने काही विचारलंच नाही. रंभाजीला दोन वर्षांची शिक्षा झाली.

मग बहात्तरचं साल आलं. विहिरी आटल्या, गुरं छावणीला गेली, आणि ज्यांच्या सुना कधी उंबरा ओलांडत नव्हत्या त्या घरच्या सुनाही दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या. आम्ही दोघी जावाही बसलो. एके दिवशी शेजारच्या ढिगावर भागिरथी आली. आम्हाला बघून ती उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. दगडावर हातोडी मारता मारता तिने सरळ विचारलं, "वहिनी, तुमी त्यांचं त्वांड बघितलं हुतं का वं?"

आक्काची हातोडी थांबली. "न्हाई. मी कुठं म्हनलं त्वांड बघितलं?"

"मंग तुमीच बघितलं म्हनून शिक्षा झाली की त्यास्नी. जज्जसायबानं वाचून दावलं."

मग तिने भागिरथीला विचारलं, आता पुढं काय, आणि वरच्या कोर्टात अर्ज केल्याचं तिला कळलं. आक्काला वाटलं होतं, आपण वहाणांबद्दल सांगितलं. माणसाचं काय ते मोठी माणसं शोधतील. तोवर मला वाटायचं, निरपराध माणूस आत जातो तो कोणाच्या तरी खोट्या साक्षीने. आक्का तर खोटं एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या खऱ्या बोलण्यावर बाकीच्यांनी हवं ते रचलं होतं, आणि नीट एक प्रश्न विचारण्याची कोणी तसदी घेतली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने दाराआडून मामंजींना सांगितलं, "मला नगरला जायचंय. रंभाजीनं वरच्या कोर्टात अर्ज केलाय, तितं बोलायचंय."

मामंजी भडकले. "कोर्टात एकदा बोललीस ते बोललीस. आता फिरलीस तर तुलाच आत टाकतील. घराण्याची अब्रू जाईल."

"मला आत टाकलं तर पोरं धाकलीकडं ऱ्हातील," आक्का म्हणाली. तिने शब्द मागे घेतला नाही. मामंजींशी ती इतकं पहिल्यांदाच बोलली असेल. मग आप्पासाहेब भाऊजी उठले, वहाणा पायात सरकवल्या आणि म्हणाले, "सकाळची यष्टी धरावी लागंल. धाकलीला संगं घे, ती सातवी शिकलीया." एरवी बापापुढे ब्र न काढणाऱ्या त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी कायमचं बदललं.

रंभाजीचा अर्ज चालवणाऱ्या नगरच्या वकिलांनी खटपट केली आणि न्यायाधीशांनी आक्काला पुन्हा बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"मला वहाणा इचारल्या, सायेब. मी वहाणा सांगितल्या."

सरकारी वकील म्हणाले, ही बाई गड्याची दया येऊन आता पलटते आहे. तेव्हा न्यायाधीशांनी रंभाजीला त्याच्याच वयाच्या चौघापाचजणांत उभं केलं, सगळ्यांना अनवाणी. म्हणाले, "बाई, पदर मागे घ्या. यातला रंभाजी कोणता?"

आक्काने पदर मागे घेतला. मीसुद्धा तिचं सबंध कपाळ इतक्या लोकांत कधी पाहिलं नव्हतं. ती एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. रंभाजीपाशी आली, पुढे गेली, परत फिरली. शेवटी म्हणाली, "मला न्हाई सांगता येत, सायेब."

"तुमच्या घरी इतकी वर्षं होता. तुम्ही त्याला जेवायला वाढत होता ना?"

"वाढताना ताटाकडं बघत्यात. वर बघितलं असतं तर सासू बोलली असती."

रंभाजी हुंदका देऊन रडायला लागला, आणि त्या आवाजावरून आक्काला कळलं की तो कोणता.

तो सुटला. माळ कोणी नेली ते आजतागायत कळलेलं नाही. आमच्या घरात मात्र एक शिस्त लागली. पोरांनी कोणाचं गाऱ्हाणं आणलं, की आक्का आधी विचारायची, "त्वांड बघितलंस का पाय? बघितलंस का कुनी सांगितलं?" उत्तर नीट येईपर्यंत कोणाला रागवायची सोय नसे. मी पुढे चार सुना आणल्या, त्यांनाही हेच शिकवलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणाऱ्यालाही याहून फार वेगळं शिकायला लागत नसावं.

त्र्याहत्तरच्या पाडव्याला मामंजींनी रंभाजीला बोलावलं आणि नव्या वहाणा पुढे ठेवल्या. त्याने वहाणांना हात लावला नाही, पण जेवायला थांबला. आक्का ताट घेऊन स्वतः बाहेर आली. पदर डोक्यावर होता, कपाळावर नव्हता. तिने भाकरी वाढली आणि मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. रंभाजी तेव्हा जेमतेम पस्तिशीचा असेल.

"रंभाजी," तिने विचारलं, "तुमचं केस आदी काळं हुतं का वं?"

"व्हय वहिनी. समदं काळं हुतं."

आक्का आत आली आणि चुलीपुढे बसली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. "धाकले," ती म्हणाली, "मी तवा एकदा जरी वर बघितलं असतं, तर मला आज इचारायला लागलं नसतं गं."