तीन अबोले आणि एक अंगठा

इस्पितळाच्या धोबीखान्यात मावशीला सव्वीस वर्षं झाली. अक्षराशी तिची ओळख नाही. पण चादरींचा डोंगर समोर टाका, शस्त्रक्रियेच्या खोलीतली कुठली आणि बाळंतिणीच्या खाटेवरची कुठली, हे ती कोपरा चाचपून सांगते. तांबडे दोन टाके म्हणजे शस्त्रक्रिया, निळा एक म्हणजे बाळंतीण. ही पद्धत तिनंच बसवली, कारण छापील शिक्के उकळत्या पाण्यात तिसऱ्या धुण्याला राम म्हणायचे. आता डॉक्टरसुद्धा चादरीचा कोपरा उलटून बघतात. "एवढे शिकलेले, पण वाचतात माझंच," हे मावशी दिवसातून एकदा तरी ऐकवते.

तिची दुसरी पद्धत अंगठ्याची.

वडील गेले तेव्हा भाऊ एक कागद घेऊन आला होता. "विजेच्या जोडणीचा आहे गं ताई, दे अंगठा." ताईनं दिला. वीज आली, आणि माहेरचं घर गेलं. त्या दिवसापासून मावशीचा नियम असा, की कुठलाही कागद तीन जणांनी वेगवेगळा वाचून दाखवायचा आणि त्या तिघांचं आपसात बोलणं नसावं. बोलणारी माणसं संगनमत करतात. न बोलणारी मात्र दुसऱ्याचं खोटं उघडं पडावं म्हणून तरी खरं वाचतात. गल्लीतला शिंपी आणि त्याचा किराणावाला भाऊ यांच्यात सामाईक भिंतीवरून नऊ वर्षं अबोला. तिसरी घरचीच सून. शिंप्यानं तिचा झंपर बिघडवलेला आणि किराणावाल्यानं किडकी डाळ दिलेली, म्हणून ती दोघांचं तोंड बघत नाही. मावशीचं वाचनालय असं पक्कं.

एके दिवशी नवे व्यवस्थापक आठ कागद आणि शाईची डबी घेऊन धोबीखान्यात आले.

"नव्या गणवेशाचे कागद आहेत. चला, अंगठे द्या पटापट."

सात जणींनी ओले हात पदराला पुसलेसुद्धा. मावशी म्हणाली, "मी वाचून आणते."

"तुला कुठं वाचता येतं?"

"म्हणूनच वेळ लागतो. तीन दिवस." मग ती बाकीच्यांकडे वळली. "आणि तोवर कुणाचं बोट डबीत बुडालं, तर गाठ माझ्याशी आहे."

व्यवस्थापक हसले. हिला कोण वाचून दाखवणार, असं त्यांना वाटलं असावं. मावशीनं त्यांच्यासमोरच कागदाच्या कोपऱ्यात पिवळा टाका घातला. हाच तो कागद, हे उद्या कळायला नको?

शिंप्यानं वाचलं : वर्षाला दोन गणवेश. किराणावाल्यानंही तेच वाचलं. सुनेचं आठ दिवस सासूशीच बोलणं बंद होतं, उतू गेलेल्या दुधावरून. पण वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. ती वाचत खाली गेली आणि थबकली.

"आई, इथं बारीक लिहिलंय. 'पुढच्या महिन्यापासून मी स्वखुशीनं काम सोडत आहे.'"

"परत वाच."

सुनेनं परत वाचलं. अबोला तिथंच मोडला.

मावशी त्या ओळीवर बोट ठेवून शिंप्याकडे गेली. "ह्या मुंग्यांचं काय?" शिंप्याचा चष्मा मुंग्यांपर्यंत पोचलाच नव्हता. किराणावाल्याच्या दुकानात गर्दी होती, त्यानं तळाचं सोडून दिलं होतं. आपण चुकलो, पण दुसराही चुकला, हे कळल्यावर दोघं भिंतीपाशी येऊन कडाकडा भांडले. मावशी त्यांना सोडून घरी गेली आणि सुनेकडून अख्खा कागद दहा वेळा वाचून घेऊन तोंडपाठ केला.

चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी डबी उघडली.

"आधी मोठ्यानं वाचा साहेब. सगळ्याजणींना ऐकू द्या."

साहेबांनी गणवेशापर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"एक ओळ राहिली," मावशी म्हणाली, आणि ती ओळ तिनं घडाघडा म्हणून दाखवली.

कुणीतरी यंत्र बंद केलं. सात जणींचे अंगठे मुठीत गेले.

"तुला तर वाचता येत नाही ना?" साहेबांचा आवाज चढला.

"नाहीच येत. येत असतं तर त्याच दिवशी तुमच्यासमोर फाडला असता. परक्यांच्या दारात तीन दिवस हेलपाटे घातले नसते. आता फाडून टाकते." आणि तिनं पिवळ्या टाक्यासकट कागदाचे चार तुकडे केले. तिच्यामागे उरलेले सात कागदही टराटरा फाटले.

दुपारी साहेब पुन्हा आले, नवे आठ कागद घेऊन. "काढली ती ओळ. नुसते गणवेश आहेत. आता तरी?"

मावशीनं सुईत दोरा ओवला. एकेका कागदाच्या कोपऱ्यात टाका पडू लागला, आठही जणींचा रंग वेगळा.

"चार दिवस लागतील."

"मागे तीन म्हणाली होतीस!"

"शिंपी आणि त्याचा भाऊ आता बोलायला लागलेत," मावशी दोरा दातानं तोडत म्हणाली. "एक नवा वाचक शोधावा लागेल."